भिंतीतून बाहेर आलेला कोनाडा

साताऱ्यात शनिवार पेठेत आत्याच्या घरी सोप्यात पाऊल टाकलं की उजव्या हाताला कोनाडा होता. त्याची कमान आतून काजळीनं काळी झालेली. दर दिवाळीआधी चुन्याचा हात फिरायचा, पण संक्रांतीपर्यंत काळं पुन्हा वर यायचं. तेवढ्याशा जागेत किल्ल्या, पोस्टमननं दिलेली पत्रं, आजोबांच्या चष्म्याचं घर आणि तिन्हीसांजेला कंदील, सगळं मावायचं. हल्ली सांगलीत विश्रामबागेकडच्या लहान फ्लॅटसाठी कुणी 'कन्सोल टेबल कुठलं घेऊ?' असं विचारलं, म्हणजे भिंतीला लावून ठेवायचं ते अरुंद टेबल, की मला तो कोनाडा आठवतो. ही माणसं तीच जागा शोधत असतात, फक्त तिचं नाव आता परकं आहे.

नाव फ्रेंच आहे आणि मुळात बांधकामातलं आहे. भिंतीबाहेर आलेला छज्जा किंवा कंगोरा पेलणाऱ्या नक्षीदार आधाराला तिकडे कन्सोल म्हणत. आपल्या वाड्यांत खांबाच्या माथ्याशी तुळईला आधार देणारे लाकडी हस्त असतात, त्याच जातीचं हे काम. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रान्समध्ये अशा आधारांवर संगमरवरी फळी टाकून ती भिंतीला जखडायला सुरुवात झाली. पाय असले तर पुढचे दोनच. पाठ भिंतीला, म्हणून पाठीमागे ना नक्षी ना पॉलिश. तो काळ आरशांच्या हौसेचा होता. व्हर्सायच्या राजवाड्यातला आरसेमहाल १६८४ मध्ये पुरा झाला, आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर उंच आरसा लावून त्याखाली हे टेबल ठेवायची रीत रुळली. टेबलावर मेणबत्त्या, मागे आरसा, म्हणजे उजेड दुप्पट. पंधराव्या लुईच्या काळात त्याचे पाय नागमोडी झाले, नक्षी वाढली, पण भिंतीला धरून राहायचा त्याचा गुण टिकला. लहान घरात आज ते उपयोगी पडतं ते या गुणामुळेच.

आपल्याकडे असं टेबल घडलं नाही, कारण गरजच नव्हती. भिंतच इतकी जाड असे की सामान तिच्या पोटात जाई. वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला वाडा आहे, तो सावकाश पाहावा. त्याच्याइतका मोठा नसलेल्या साध्या घरांतही दगड-मातीच्या दोन-अडीच फूट भिंतीत दिव्यासाठी दिवळी, सामानासाठी कोनाडा, झाकून ठेवायचं ते फडताळात आणि पागोटं-उपरणं खुंटीवर, अशी प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असे. यातलं काहीच चालणाऱ्याच्या वाटेत येत नसे. माझ्या मते घराच्या आतल्या मांडणीतलं हे आपलं मोठं शहाणपण होतं, आणि त्याची आपण पुरेशी कदर केली नाही.

भिंत बारीक झाली त्याला कारणं बरीच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि पाटण तालुक्यात दगड-मातीच्या भिंती माणसांच्या अंगावर आल्या. त्या पहाटे साताऱ्यातही पेठेतली माणसं पोराबाळांना उचलून रस्त्यावर आली होती, असं आत्या सांगायची. जाड भिंतीबद्दल मनात धास्ती बसली ती कायमची. पुढे वाटण्या झाल्या, वाडे उतरले, सिमेंट आलं, १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यानंतर फ्लॅट हळूहळू जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचले. बाहेरची भिंत नऊ इंची, आतली साडेचार. साडेचार इंचांत कोनाडा कोरायचा कुठे? मग फळी भिंतीतून बाहेर आली. आधी शोकेस म्हणून, मग दाराजवळच्या फोनच्या स्टँडच्या रूपात, ज्यावर क्रोशाचा रुमाल असायचा. लँडलाइन गेला तसा स्टँडही गेला. किल्ल्या, हेल्मेट, लाइटबिल आणि दारात आलेली पार्सलं मात्र राहिली.

म्हणून निवड करताना टेबल भिंतीपासून पुढे किती येतं, म्हणजे त्याची खोली, मी आधी बघते. आमच्या दारातलं पहिलं टेबल तयार घेतलं होतं, दीड फूट खोल. दिसायला देखणं, पण त्याचा कोपरा येता-जाता सासूबाईंच्या कमरेला लागायचा. तीन महिन्यांत ते विकलं. दहा ते बारा इंच पुष्कळ होतात. दार पूर्ण उघडायचं, दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घ्यायच्या आणि चालून पाहायचं. तीन फूट मोकळी वाट उरली पाहिजे. उंची तीस-बत्तीस इंच, म्हणजे न वाकता हात पोचतो. बारीक पायांचं टेबल घरात मूल असेल तर भिंतीला स्क्रूनं पक्कं करावंच, ओढलं की ते पुढे येतं.

सांगलीकरांनी आणखी एक बघायचं असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर गावभागातल्या गल्ल्यांत जे फर्निचर बाहेर येऊन पडलं, त्यात भुशाच्या बोर्डाचं फार होतं. खालून फुगलेलं, कडा उकललेल्या, हात लावला की भुगा. सागवानी पाट आणि टेबलं लोकांनी धुऊन सावलीत वाळवली आणि पुन्हा घरात घेतली. तळमजल्यावर राहणाऱ्यानं अस्सल लाकूड किंवा लोखंडी पाय घ्यावेत, नाहीतर सरळ भिंतीवरची फळी.

आमचं आताचं टेबल उतरवलेल्या वाड्याच्या तुळईतून झालं. वखारीत ती काळीठिक्कर, धुरकटलेली पडली होती. मिस्त्रींनी रंधा मारला तसा आतून मधासारखा पिवळा साग निघाला आणि तेलकट वास सुटला. तीन फूट लांब, दहा इंच रुंद फळी, खाली एक खण. जुन्या खिळ्याचं एक भोक होतं, लोखंडाच्या गंजानं भोवती काळं कडं धरलेलं. मिस्त्री म्हणाले, "ताई, लाकडाचा भुसा भरून बुजवून टाकतो." मी नको म्हटलं. फळीच्या उजव्या टोकाला आहे ते, आणि घरात शिरताना किल्ल्या बरोबर तिथेच पडतात.