डीपीआय ३०० केला म्हणून फोटो क्लिअर होत नाही

वर्षानुवर्षं फिरणारा सल्ला म्हणजे, नेटवरचा फोटो ७२ डीपीआयचा असतो, छापायच्या आधी तो ३०० करून घ्या म्हणजे प्रिंट एकदम शार्प येते.

३०० हा आकडा बरोबर आहे, हातात धरून बघायच्या प्रिंटला तो चांगलाच, म्हणून सल्ला पटतो. पण फाईलमधला डीपीआय ही नुसती सूचना असते, एका इंचात किती पिक्सेल छापायचे एवढीच, त्यामुळे आकडा बदलला तरी फोटोतले पिक्सेल तेवढेच राहतात. समजा फोटो ९०० बाय १२०० पिक्सेलचा आहे, तर ३०० ने भागा, ३ बाय ४ इंच आले, म्हणजे तेवढीच प्रिंट छान येणार. ए-फोर वर ताणला की फोटो फाटणारच, म्हणजे धूसर दिसणारच, मग डीपीआय काहीही लिहा.

स्वतः बघायचं असेल तर फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रिसॅम्पल (पिक्सेलची संख्या बदलणारा पर्याय) बंद ठेवून ७२ चे ३०० करा आणि प्रॉपर्टीजमध्ये पिक्सेलमधली रुंदी-उंची बघा, तीच दिसेल. रिसॅम्पल चालू असेल तर पिक्सेल वाढतात खरे, पण ते सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात, मूळ फोटोत नसलेला तपशील त्यातून येत नाही.

त्यामुळे निमंत्रणपत्रिकेसाठी, विशेषतः आजी-आजोबांचा जुना फोटो असेल तर, चॅटवर डॉक्युमेंट म्हणून ओरिजिनल फाईलच मागवा. लांबून बघायच्या फ्लेक्सला ३०० लागतही नाही.