दुपारची वामकुक्षी (गोवा)

दुपारी जेवल्यावर कामधंदा थांबवून घटकाभर आडवे होण्याची गोव्यातील रीत. मडगाव, म्हापसा, पणजी येथील जुन्या बाजारपेठांत कित्येक दुकाने एकच्या सुमारास बंद होतात, ती साडेतीन-चारला उघडतात. पाहुण्यांना हा आळस वाटतो. पण पहाटेच्या आधी भट्टी पेटवणारा पोदेर (पाववाला) किंवा सकाळ-संध्याकाळ माडावर चढणारा रेंदेर (माडी काढणारा) यांचा दिवस पाहिला, की तो दोन पाळ्यांचा आहे हे कळते. मधली झोप ही दुसऱ्या पाळीची तयारी.

या रीतीला शरीरशास्त्राचा आधार आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे रसायन साचत जाते आणि झोपेचा दाब, म्हणजे झोपेची ओढ, वाढतो. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील एक सूक्ष्म पेशीसमूह सुमारे २४ तासांचे घड्याळ चालवून या दाबाला तोंड देतो. दुपारी एक ते चारच्या दरम्यान दाब बराच वाढलेला असतो, घड्याळाचा जोर मात्र संध्याकाळी शिगेला पोचतो. म्हणून दोनला पेंगणारा माणूस सातला ताजातवाना दिसतो. ही सुस्ती उपाशीपोटीही येते. भरपूर शीत-कडी (भात-कालवण) जेवल्यास अधिक जाणवते, इतकेच. अशी जैविक घड्याळे पेशींत कशी चालतात, हे फळमाशीवरील प्रयोगांतून उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

भूगोलही मदतीला आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची, तर पणजी ७३.८° च्या आसपास. त्यामुळे येथे सूर्य सरासरी साडेबारानंतर माथ्यावर येतो आणि दुकाने बंद असतात ते तास उन्हाच्या तडाख्याचे असतात.

ही सवय पोर्तुगीजांनी लावली असे सर्रास सांगितले जाते. त्यांच्या साडेचार शतकांच्या राजवटीने तिला बळ दिले असेल. पण जेवून डाव्या कुशीवर लवंडणे मराठी घरांना परके नव्हते. आयुर्वेद मात्र दिवसा झोपण्याबाबत कडक आहे आणि मुख्यतः ग्रीष्मात सवलत देतो.

झोप किती घ्यावी, यात बहुतेकांचे चुकते. दहा ते वीस मिनिटांनी तरतरी येते. तासभर गाढ झोपून उठल्यास डोके जड राहते. चारनंतर झोपल्यास रात्री झोप उशिरा लागते. चहा-कॉफीचेही तसेच: कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनंतरही रक्तात असतो. हिशेब, मसुदे अशी डोक्याची कामे बहुतेकांना सकाळी सोपी जातात, तर फायली लावणे किंवा निरोप देणे दुपारीही उरकते. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या प्रकृतीच्या लोकांची घडी याहून पुढे सरकलेली असते. किशोरवयात तर ती सरकतेच, त्याला शिस्तीचा अभाव म्हणणे अन्यायाचे आहे.

२०२२ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी गोवा फॉरवर्ड पक्षाचे नेते विजय सरदेसाई यांनी दुपारी दोन ते चार सक्तीच्या विश्रांतीचे आश्वासन दिले आणि त्याची देशभर थट्टा झाली. प्रश्न थट्टेचा नव्हता. मॉल, कॉल सेंटर आणि कॅसिनोंतील रात्रपाळी करणाऱ्यांना ही दुपार आता मिळत नाही.