जमिनीचा हक्क: मूलभूत की घटनात्मक?

‘जमीन हा आमचा मूलभूत हक्क आहे’ हे वाक्य मोर्चाच्या फलकावर शोभतं, याचिकेत मात्र अडचणीत आणतं. 44व्या घटनादुरुस्तीने कलम 31 आणि कलम 19 मधला मालमत्तेचा उपखंड काढून टाकला. 20 जून 1979 पासून मालमत्तेचं रक्षण कलम 300-अ करतं. ते संविधानातच आहे, पण मूलभूत हक्कांच्या तिसऱ्या भागाबाहेर. म्हणून हक्क घटनात्मक आहे, मूलभूत नाही.

पहिला फरक दाराचा. मूलभूत हक्क मोडला तर कलम 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. केवळ 300-अ च्या आधारावर ते दार उघडत नाही. कलम 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. (वकील सोबत कलम 14 जोडतात, ते उगाच नव्हे: समानतेचा हक्क अजून तिसऱ्या भागात आहे.)

दुसरा फरक जास्त खोल आहे. मूलभूत हक्काविरुद्ध केलेला कायदाच कलम 13 मुळे तेवढ्यापुरता रद्द ठरतो. 300-अ चा रोख वेगळा: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. इथे ‘कायदा’ म्हणजे संसदेने किंवा विधिमंडळाने केलेला. भूसंपादन समवर्ती सूचीत असल्याने दोघांनाही तो करता येतो. मंत्रालयातला नुसता आदेश किंवा ठराव पुरत नाही.

म्हणजे हक्क लेचापेचा झाला का? नाही. 1967-68 मध्ये हिमाचलात रस्त्यासाठी संपादनाची कार्यवाही न करताच एका विधवेची जमीन घेतली गेली. ‘तोंडी संमती होती’, ‘फार उशीर झाला’, ‘आता आमचाच कब्जा’ हे सरकारचे तिन्ही बचाव 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले आणि भरपाई द्यायला लावली. 2024 च्या कोलकाता महापालिकेच्या खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने 300-अ च्या पोटातले सात हक्क मोजून सांगितले: नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, न्याय्य भरपाई, कार्यक्षम प्रक्रिया आणि ती शेवटास नेणं.

त्यामुळे रस्ता रुंदीकरणाला जेसीबी बांधावर आला, तर आधी विचारायचं: कोणत्या कायद्याखाली, आणि अधिसूचना कुठे आहे? उत्तर ‘वरून आदेश आहे’ असं आलं, तर तेच लेखी मागा. रिटला जोडायचा तोच कागद.