गर्भावस्थेतील दुःस्वप्ने व निद्रापक्षाघात

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, पडणारी भयावह स्वप्ने आणि झोप लागताना किंवा जाग येताना काही क्षण अंग हलवता न येण्याची अवस्था. या दुसऱ्या अवस्थेला निद्रापक्षाघात किंवा स्लीप पॅरालिसिस म्हणतात. नावात पक्षाघात असला, तरी मेंदूतील गुठळी वा रक्तस्रावाशी तिचा संबंध नसतो.

निद्रापक्षाघातात स्त्रीला जाग आलेली असते. छताचा पंखा दिसतो, शेजारी झोपलेल्याचे घोरणे ऐकू येते, पण हाक मारू म्हटले तर जीभ उचलत नाही. छातीवर कोणी बसल्याचा भास होतो, दाराशी कोणी उभे असल्याची खात्री वाटते. हे काही सेकंद ते दोन-चार मिनिटे टिकते आणि कोणी हात लावला की बहुधा तिथेच सुटते. मानसशास्त्रज्ञ चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या भासांचे तीन गट पाडले : घरात कोणी शिरल्याचा, छाती व गळा दाबला जाण्याचा आणि शरीर तरंगण्याचा. दुःस्वप्नातून माणूस पुरता जागा होतो आणि स्वप्न त्याला आठवते. गाढ झोपेत किंचाळून उठणे आणि सकाळी काहीच न आठवणे हा तिसराच प्रकार असून तो येथे अभिप्रेत नाही.

यंत्रणा : स्वप्ने मुख्यतः जलद नेत्रगती निद्रेत, म्हणजे मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात त्या झोपेत, पडतात. ही निद्रावस्था १९५३ मध्ये ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी नोंदवली. या काळात मस्तिष्कस्तंभाकडून (मेंदूच्या तळाशी असलेल्या, पाठीच्या कण्याला जोडणाऱ्या भागाकडून) येणाऱ्या संदेशांमुळे पाठीच्या कण्यातील चालक (स्नायू हलवणाऱ्या) चेतापेशी ग्लायसीन व गॅबा या द्रव्यांच्या योगे दबल्या जातात. त्यामुळे स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातून धावत सुटत नाही. डोळ्यांचे स्नायू व श्वासपटल यांतून वगळलेले असतात. भान आधी आले आणि ही शिथिलता मागे राहिली, की निद्रापक्षाघात होतो. श्वासपटल चालू असल्याने श्वास प्रत्यक्षात बंद पडत नाही, परंतु मुद्दाम खोल श्वास घेता येत नाही आणि गुदमरल्यासारखे वाटते ते यामुळेच.

वैद्यकीय इतिहास : पहिली नोंद कोणाची, यावर मतभेद आहेत. इ. स. पू. पहिल्या शतकातील थेमिसन या ग्रीक वैद्याने गळा दाबला जाण्यावरून या विकाराला नाव दिल्याचे उत्तरकालीन ग्रंथांतून कळते. दहाव्या शतकातील बुखारा येथील वैद्य अखवैनी याने पोटातून मेंदूकडे चढणाऱ्या बाष्पांमुळे ही अवस्था येते असे लिहिले. काही अभ्यासक मात्र पहिल्या वर्णनाचा मान डच वैद्य इस्ब्रांड व्हान डीमरब्रूक याच्या १६६४ मधील नोंदीला देतात. त्याची रुग्ण सुमारे पन्नास वर्षांची स्त्री होती आणि उताणे झोपल्यावरच तिला हा त्रास होई. विवेचन म्हणून अखवैनी सुमारे सातशे वर्षे आधीचा ठरतो; एका विशिष्ट रुग्णाचा तपशीलवार वृत्तांत हा निकष लावल्यास डच नोंदीचा दावा बळकट आहे, आणि आसनाचा उल्लेख असल्याने प्रस्तुत विषयाला तीच अधिक उपयोगी पडते. आजचे इंग्रजी नाव ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ किनियर विल्सन यांनी १९२८ मध्ये रूढ केले.

गर्भावस्थेशी संबंध : शेवटच्या तिमाहीत वाईट स्वप्ने जास्त सांगितली जातात, याविषयी बहुतेक अभ्यासांत एकवाक्यता आहे. बाळ हरवणे, बाळ अंथरुणात गुदमरणे, प्रसूती एकाकी होणे हे वारंवार येणारे विषय. वाद आहे तो कारणाचा. एक पक्ष संप्रेरकांतील बदल व प्रसूतीची चिंता यांवर भर देतो. दुसऱ्या पक्षाच्या मते स्वप्ने फारशी वाढत नाहीत, ती आठवण्याचे प्रमाण वाढते. कारण लघवी, पायांत गोळे, जळजळ, बाळाची हालचाल यांनी रात्रीतून अनेकदा जाग येते, आणि स्वप्नाच्या मध्येच जाग आली तर ते लक्षात राहते. फिनलंडमधील २००२ सालच्या एका पाहणीत झोपेतील विकृत वर्तनांचे (झोपेत चालणे, बोलणे इत्यादी) एकूण प्रमाण गरोदरपणात घटलेले आढळले, हे दुसऱ्या मताला पूरक म्हणता येईल. निद्रापक्षाघाताला तुटक झोप पोषक आणि उताणे झोपणेही पोषक; पण पोट वाढल्यावर स्त्री बहुधा कुशीवरच झोपते, म्हणजे एक कारण वाढते तेव्हा दुसरे कमी होते. १९७२ मध्ये अमेरिकेत पहिलटकरणींच्या स्वप्नांवर झालेल्या अभ्यासात तर चिंतेची स्वप्ने पडणाऱ्यांच्या प्रसूतिकळांचा काळ तुलनेने कमी असल्याचे आढळले. हा निष्कर्ष जपूनच वापरावा. मात्र वाईट स्वप्न म्हणजे वाईट बाळंतपण या समजुतीला त्यातून पुष्टी मिळत नाही, एवढे खरे. स्वप्नाने किंवा निद्रापक्षाघाताने गर्भाला इजा होत नाही.

आयुर्वेद : चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक व दोषज असे सात प्रकार सांगितले असून पहिले पाच निष्फळ मानले आहेत. या संहितेचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक असा धरतात; ती एका हातची रचना नसल्याने याहून नेमके सांगणे धाडसाचे होईल. शारीरस्थानात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींमध्ये सतत उताणे झोपणे येते, कारण त्यामुळे नाळ गर्भाच्या गळ्याभोवती गुंडाळली जाते. आजचे वैद्यकही अठ्ठावीस आठवड्यांनंतर उताणे न झोपता कुशीवर झोपण्यास सांगते, पण कारण वेगळे : गर्भाशयाच्या भाराने अधोमहाशीर (शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) दाबली जाते व रक्तपुरवठा घटतो. नाळेचा वेढा आईच्या झोपण्याने पडत नाही. तो अनेक प्रसूतींत आढळतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो. तेव्हा दोन्ही सल्ले जुळतात म्हणून प्राचीनांना हे ठाऊकच होते, असे म्हणणे घाईचे आहे. सुश्रुताने गर्भिणीच्या स्वप्नांतील वस्तूंवरून गर्भाचे लिंग सांगितले आहे, त्यालाही शास्त्रीय आधार नाही.

नाशिक परिसरातील आचार : जैन परंपरेत तीर्थंकराच्या मातेची स्वप्ने शुभसूचक मानतात, दिगंबर सोळा व श्वेतांबर चौदा मोजतात. म्हसरूळजवळील गजपंथ व बागलाणातील मांगीतुंगी या दिगंबर क्षेत्रांमुळे ही कल्पना येथे परिचित आहे. घरगुती आचार मात्र भीतीच्या बाजूचे. उशाखाली विळा किंवा अडकित्ता ठेवणे, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणे, तिन्हीसांजेला पोटुशीला बाहेर न सोडणे हे महाराष्ट्रात इतरत्र असते तसेच. रामरक्षा व भीमरूपी म्हणून झोपण्याची चाल पंचवटीच्या या गावाला साजेशी आहे : रामरक्षा बुधकौशिकाला शंकराने स्वप्नातच सांगितली अशी तिच्यातच नोंद आहे, आणि भीमरूपी रचणाऱ्या रामदासांचे साधनास्थळ टाकळी शहरालगतच. ठराविक वेळी शांतपणे काही म्हणून पडण्याने झोप सुधारत असेल, तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. (विळ्याबाबत असे म्हणता येत नाही, तो निदान उशापासून दूर ठेवावा.) पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांत असा त्रास भगताकडे नेण्याची रीत आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

उपाय : निद्रापक्षाघात चालू असताना धडपड न करता एखादे बोट किंवा जीभ हलवण्याचा प्रयत्न करावा. सोबत झोपणाऱ्या सासूबाईंना, आईला वा नवऱ्याला आधीच सांगून ठेवावे, म्हणजे कण्हणे ऐकू येताच ते हलवून जागे करतील. झोपण्याउठण्याच्या वेळा मोडल्या की त्रास वाढतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील रात्रपाळी किंवा द्राक्षहंगामातील पहाटेची कामे या दृष्टीने लक्षात घ्यावीत. वारंवार येणाऱ्या दुःस्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून तो मनात रोज घोळवणे या तंत्राचा चांगला उपयोग होतो. पायांतील तळमळीमुळे झोप मोडत असेल, तर रक्तातील लोह तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. मोठे घोरणे व झोपेत श्वास अडकणे, सतत डोकेदुखी, अंगावर सूज, डोळ्यांपुढे चमकणे ही लक्षणे निद्रापक्षाघाताची नव्हेत; त्यांसाठी रक्तदाब त्वरित तपासून घ्यावा. नैराश्यावरील गोळ्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केल्यास स्वप्ने अधिक तीव्र होतात. भीतीमुळे झोपायलाच नको वाटू लागले, तर टेलिमानस (१४४१६) या शासकीय दूरध्वनी सेवेवर मराठीतून बोलता येते.