थॅचरना एसडीपीने जिंकवलं नाही

‘ब्रिटनच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने (एसडीपी) मजूर पक्षाची मतं खाल्ली, म्हणून १९८३च्या निवडणुकीत हुजूर पक्षाच्या थॅचर जिंकल्या’ हे विधान आजही ऐकू येतं. ते चूक आहे. हुजूर पक्षाला ४२.४ टक्के मतं, मजूर पक्षाला २७.६, एसडीपी-लिबरल आघाडीला २५.४. बेरीज मोहात पाडते खरी. पण आघाडीच्या मतदारांची दुसरी पसंती एकगठ्ठा मजूर पक्षाला नव्हतीच, ती दोन्हीकडे विभागलेली होती. आणि एवढ्या मतांना जागा किती? ६५०पैकी २३! मला खरा अन्याय इथे दिसतो.

एसडीपी फुटला तो लिबरलांशी विलीन होण्याच्या प्रश्नावर. १९८१च्या चार संस्थापकांपैकी जेन्किन्स, विल्यम्स, रॉजर्स १९८८ला विलीन पक्षात गेले. डेव्हिड ओवेन अडून राहिले. त्यांचा उरलेला पक्ष १९९०मध्ये, बूटलच्या पोटनिवडणुकीतल्या दारुण पराभवानंतर, गुंडाळला गेला.