महिला कबड्डी, ग्रामीण विदर्भातील

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील खेड्यांत व तालुक्याच्या गावी मुली आणि स्त्रिया हौशी पातळीवर खेळतात ती कबड्डी, आणि तिच्याभोवती शाळा, आश्रमशाळा, महाविद्यालये, क्रीडा मंडळे व जिल्हा संघटना यांची उभी राहिलेली व्यवस्था. खेळाची सामान्य ओळख वाचकाला आहे असे धरून येथे उगमाचा वाद, महिलांच्या मैदानाची मापे आणि स्पर्धांच्या वाटा यांवर भर दिला आहे.

उगम व वाद : कबड्डीचे मूळ अभिमन्यूच्या चक्रव्यूहभेदात शोधण्याची प्रथा जुनी आहे. एकट्याने सात जणांच्या फळीत शिरायचे आणि जिवंत परत यायचे, एवढ्या साम्यावर ती उभी आहे. पुरावा म्हणून तिचे मोल फारसे नाही. दम धरून प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरण्याचे खेळ भारतीय उपखंडात अनेक ठिकाणी, अनेक नावांनी खेळले जात आले आहेत. तेव्हा एखादे गाव किंवा प्रांत या खेळाचे जन्मस्थान ठरवण्यापेक्षा त्याला लिखित नियम कोठे मिळाले हे पाहणे अधिक फलदायी ठरते. याबाबत साताऱ्यात १९२१ च्या सुमारास झालेली नियमांची जुळवाजुळव, १९२३ ची बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याची स्पर्धा आणि १९३० च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने केलेले संस्करण असे तीन टप्पे बहुतेक अभ्यासक मानतात. संजीवनी, गामिनी आणि अमर हे तिन्ही प्रकार त्या काळी प्रचलित होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी परत येतो. गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाद गडी बाहेरच बसतो. अमरमध्ये कोणीच बाहेर जात नाही, फक्त गुण मोजले जातात. आजची स्पर्धात्मक कबड्डी संजीवनीवर बेतलेली आहे.

या इतिहासात विदर्भाचे नाव येते ते अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे जाऊन भारतीय व्यायामप्रकार व खेळ यांची प्रात्यक्षिके दाखवली. तेवढ्यावरून कबड्डी त्या ऑलिंपिकमधील अधिकृत ‘प्रात्यक्षिक खेळ’ होता असे विधान वारंवार छापले जाते. ते तपासून घ्यायला हवे. त्या ऑलिंपिकच्या अधिकृत नोंदींत प्रात्यक्षिक खेळ म्हणून बेसबॉल आणि ग्लायडिंग यांचीच नावे आढळतात. अमरावतीच्या पथकाचा कार्यक्रम त्या यादीबाहेरचा होता, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. यामुळे मंडळाच्या कामाला उणेपणा येत नाही. व्यायामशिक्षक तयार करून ते गावोगावच्या शाळांत पाठवण्याचे जे काम अमरावतीहून झाले, त्याचे फळ बर्लिनच्या कार्यक्रमापेक्षा टिकाऊ ठरले. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला, तेव्हा वऱ्हाडातल्या आखाड्यांत आणि शाळांच्या पटांगणांत हा खेळ रुळलेला होता.

स्त्रियांच्या बाबतीत उगमाचा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींच्या सणातली भुलाबाई बसते, आणि त्या महिनाभर संध्याकाळी मुली अंगणात एकत्र जमतात. गाणी, फुगडी, लंगडी, आट्यापाट्या, खो-खो असे खेळ या मेळ्यांत आणि एरवीही खेळले जात. अंगाला अंग भिडणारा हुतुतू (कबड्डीचेच जुने नाव) मात्र मुली लहान असेपर्यंतच चालवून घेतला जाई असे दिसते. मुलगी वयात आली की पाठलागाचे आणि फेराचे खेळ तिच्यासाठी उरत, पकडीचे थांबत. पुढे कबड्डी मुलींपर्यंत आली ती अंगणातून नव्हे, शाळेच्या तासातून. १९३० च्या दशकाच्या आरंभी पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा वऱ्हाडच्या खेड्यांत पसरल्या, आणि अशा शाळांमुळे शेतकऱ्यांच्या मुलींना मैदान असलेली शाळा मिळाली. त्याच दशकात, १९३६ मध्ये, वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकरांनी स्थापन केलेल्या राष्ट्र सेविका समितीच्या शाखांतही मुलींचे व्यायाम व सांघिक खेळ होत. काही लेखक महिला कबड्डीचा विदर्भातील आरंभ या शाखांशी जोडतात. मात्र संघ, पंच आणि गुणपत्रक असलेली स्पर्धा म्हणून हा खेळ शाळांतून वाढला, हे मत प्रस्तुत नोंदीत अधिक ग्राह्य मानले आहे.

संघटना : अखिल भारतीय कबड्डी महासंघ १९५० मध्ये अस्तित्वात आला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रासला, तर महिलांची सामान्यतः १९५५ मध्ये कलकत्त्याला झाल्याचे मानतात. ‘हौशी’ हे विशेषण नावात असलेला आजचा महासंघ १९७२ चा (काहींच्या मते १९७३ चा) आहे.

विदर्भ तेव्हा मुंबई राज्यात नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो मध्य प्रदेशाचा भाग होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. नंतर द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र असा त्याचा प्रवास झाला. राजकीय विलीनीकरण झाले तरी अनेक खेळांत विदर्भाचा घटक स्वतंत्र राहिला. कबड्डीतही महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धांना महाराष्ट्र व विदर्भ असे दोन वेगळे संघ उतरत आले आहेत.

या दुहेरीपणाचा परिणाम खेड्यातल्या मुलीवर थेट होतो, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. शालेय स्पर्धा राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या असतात. १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात, आणि राज्यात अमरावती व नागपूर हे आठांपैकी दोन विभाग. या वाटेने जाणारी मुलगी शेवटी महाराष्ट्राच्या संघासाठी झगडते, म्हणजे तिला कोल्हापूर, पुणे, मुंबई या बलाढ्य विभागांतल्या मुलींना मागे टाकावे लागते. तीच मुलगी जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून गेली तर अकरा जिल्ह्यांत चमकून विदर्भाची जर्सी घालू शकते. पहिली वाट अवघड, पण ती शाळेच्या दारातून सुरू होते. दुसरी तुलनेने सोपी, पण तिच्यासाठी गावात नोंदणी झालेले मंडळ, निवड चाचणीची खबर आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेणारे कोणीतरी लागते. तिसरी वाट आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांची. धारणी, पांढरकवडा, देवरी, अहेरी, भामरागड अशा प्रकल्पांतून आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा होतात. मुली निवासी असल्याने त्यांना सकाळ-संध्याकाळ सराव करता येतो. घरून ये-जा करणाऱ्या मुलीला, विशेषतः शेवटची एसटी गाठायची असेल तर, हे जमत नाही. आश्रमशाळांतील मुलींच्या कबड्डीचे बळ बरेचसे या एका गोष्टीत आहे.

मैदान आणि मापे : महिलांचे मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद, पुरुषांचे १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. हा फरक केवळ ‘लहान मैदान’ म्हणून सांगितला जातो, पण त्याने खेळाचे रूपच बदलते. दोन्ही बाजूंची एक-एक मीटरची राखीव क्षेत्रे झटापट होईपर्यंत खेळात धरली जात नाहीत. ती वजा केली तर महिलांच्या बचाव फळीला ६ मीटर रुंदी मिळते, पुरुषांच्या ८. सात जणींत वाटून प्रत्येकीकडे सुमारे ८६ सेंटिमीटर येतात, पुरुषांकडे सुमारे १.१४ मीटर. म्हणजे महिलांची साखळी मुळातच दाट असते आणि चढाई करणारीला दोघींच्या मधून निसटायला फट कमी मिळते.

खोलीचे गणित उलट आहे. चढाई करणाऱ्याने परतण्याआधी ओलांडायची निदान रेषा महिलांसाठी मध्यरेषेपासून ३ मीटरवर, पुरुषांसाठी ३.७५ मीटरवर असते. महिलांच्या अंगणाची (एका संघाच्या अर्ध्या मैदानाची) खोली ६ मीटर, पुरुषांची ६.५. तेव्हा निदान रेषेमागे महिलांच्या फळीला ३ मीटर उरतात, तर पुरुषांना पावणेतीनच. जादा गुणाची बोनस रेषा निदान रेषेच्या एक मीटर पलीकडे असल्याने तिच्या मागेही महिलांना २ मीटर मिळतात, पुरुषांना १.७५. एकूण मैदान लहान असूनही मागे सरायला महिलांच्या बचावफळीला अधिक वाव असतो. दाट साखळी आणि मागची मोकळीक यांमुळे महिला कबड्डीत घाईची मांडीपकड करण्यापेक्षा चढाई आत ओढून घेऊन कोपऱ्यातून घोटा धरण्याचा डाव अधिक बसतो, असे विदर्भातले जुने मार्गदर्शक सांगतात ते या मापांशी जुळते. जुन्या नियमपुस्तकांत महिलांसाठी १५ मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटांची विश्रांती होती. अलीकडे आंतरराष्ट्रीय सामन्यांत डाव २० मिनिटांचे झाले आहेत. खुल्या गटात महिलांची वजनमर्यादा ७५ किलो आहे. ३० सेकंदांची चढाई, लोणाचे (प्रतिपक्षाचा सगळा संघ बाद केल्याचे) दोन गुण, तीन किंवा कमी खेळाडू उरले असता अव्वल पकडीचा जादा गुण हे नियम दोन्ही गटांना सारखेच.

माती : विदर्भाचा मोठा भाग काळ्या कापसाच्या जमिनीचा आहे. ही माती पावसात फुगते, पायाला धरते, आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट मैदान आखता येत नाही. वरची माती उकरून मुरूम घालतात, त्यावर चाळलेली माती पसरून पाणी मारतात, रोलर फिरवतात आणि फक्कीने रेषा ओढतात. शालेय स्पर्धांच्या तालुका फेऱ्या नेमक्या पावसाळ्यात येतात. त्यामुळे मुरूम टाकलेले पटांगण किंवा तालुका क्रीडा संकुल नसेल तिथे सामने रेटारेटीत उरकावे लागतात, आणि त्याची किंमत मुलींच्या गुडघ्या-घोट्यांना मोजावी लागते. मातीवर अनवाणी खेळताना टाच थोडी घसरते आणि धक्का जिरतो. मॅटवर बुटाचा तळ रुततो आणि वळणाचा सगळा ताण गुडघ्यावर येतो. वरच्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीवर तयार झालेल्या खेड्यातल्या मुलीला मॅट पहिल्यांदा दिसते ती बहुधा विभागीय स्पर्धेत, आणि तिथे तिचा पहिला सामना पाऊल कसे टाकावे हे शिकण्यातच जातो. तालुक्याला एक मॅट आणि ती मुलींना ठरलेल्या वेळी मिळणे, एवढ्याने हा तोटा बराच भरून निघेल.

विवाहित खेळाडू : सामन्याआधी पंच खेळाडूंना ओळीत उभे करून हात पालथे करायला लावतात आणि नखे पाहतात. वाढलेली नखे तिथेच कापावी लागतात. अंगाला तेल वा निसरडा पदार्थ चालत नाही, आणि इजा करू शकेल असा दागिनाही नाही. शाळकरी मुलीच्या बाबतीत हा नियम कानातले काढण्यापुरता असतो. लग्न झालेल्या स्त्रीला मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सगळ्यांसमोर उतरवून सोबतिणीकडे ठेवावी लागतात. खेळाडूंच्या सुरक्षेसाठीचा हा नियम रास्तच आहे, परंतु सासर त्याच गावात असले तर केवळ यामुळे मैदानावर न उतरणाऱ्या स्त्रिया आहेत. काही ठिकाणी संघाबरोबर आलेली वडीलधारी बाई हे दागिने पदरात घेऊन बसते, आणि तेवढ्या आधारावर सून खेळते.

हंगामाचीही अडचण आहे. दिवाळीनंतर गावोगावी कबड्डीचे सामने सुरू होतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) निमित्ताने दंडार हा लोकनाट्यप्रकार आणि नाटकांबरोबर सामनेही ठेवतात. वऱ्हाडात याच दिवसांत कापसाची वेचणी असते. वेचणी मुख्यतः बायकांच्या हातची आणि मजुरी किलोवर, त्यामुळे सामन्याला दिलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. पुरुषांचे सामने प्रकाशझोतात रात्री उशिरापर्यंत चालतात. महिलांचे सामने, संघांना परतता यावे म्हणून, सहसा दुपारी लावतात, म्हणजे वेचणीच्याच वेळी.

या कारणांमुळे ग्रामीण विदर्भात महिला कबड्डी हा मुख्यतः दहावी, बारावी आणि महाविद्यालय या वयाचा खेळ राहिला आहे. बोर्डाच्या परीक्षेतील क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षण यांमुळे पालक मुलींना पाठवतात, विशेषतः पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना (२०११) या विद्यापीठांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ही अनेकींची शेवटची नियमित स्पर्धा ठरते.

लीग : पुरुषांची प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रातून तिच्यात पुणे आणि मुंबईचे संघ आहेत, विदर्भाचा नाही. २०१६ मध्ये त्याच लीगच्या जोडीने महिलांची ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’ ही तीन संघांची स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सवर २४-२३ असा विजय मिळवला, मात्र पुढच्या हंगामात ती स्पर्धा झाली नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर महिला कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धांत २०१० मध्ये ग्वांगझूला आली. भारताने २०१० व २०१४ मध्ये सुवर्ण जिंकले, २०१८ मध्ये इराणकडून २७-२४ अशी हार पत्करली (त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या), आणि हांगझूत चिनी तैपेईवर २६-२५ अशा एका गुणाने सुवर्ण परत मिळवले. २०१२ मध्ये पाटण्याला आणि २०२५ मध्ये ढाक्याला झालेले महिला विश्वचषकही भारताने जिंकले.

विदर्भाच्या खेड्यांसाठी यापेक्षा जवळचा पर्याय म्हणजे जिल्हापातळीवरची हौशी महिला लीग : तालुक्याचा एक संघ, वयाची अट नाही, आणि सामने वेचणी उरकल्यावर, फाल्गुन-चैत्रात संध्याकाळी. अकरा जिल्ह्यांची संघटना, पंच आणि शारीरिक शिक्षण महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या प्रशिक्षित मुली हे तिच्यासाठी लागणारे मनुष्यबळ विदर्भात आहे.