स्वयंमार्गदर्शित नगरफेरी

स्वयंमार्गदर्शित नगरफेरी : गाइड सोबत न घेता, आधी आखलेल्या मार्गाने आणि आपल्या सवडीने शहर पायी पाहण्याची पद्धत. ‘सेल्फ-गाइडेड टूर’ या नावानेही ती ओळखली जाते. मार्ग, त्यावरचे थांबे आणि थांब्यांची माहिती हे तिचे तीन घटक. माहिती छापील पुस्तिकेत, फलकांवर, ध्वनिमुद्रणात किंवा मोबाइल अ‍ॅपमध्ये मिळते. नुसत्या भटकंतीत क्रम नसतो. इथे कोणत्या जागेनंतर कोणती जागा पाहायची याचा विचार कोणीतरी आधी केलेला असतो, आणि फेरीची खरी किंमत त्या विचारात आहे.

एकोणिसाव्या शतकात कोब्लेंझचे प्रकाशक कार्ल बेडेकर यांनी काढलेल्या प्रवासपुस्तिकांचा एक हेतूच असा होता, की प्रवाशाला भाडोत्री वाटाड्यांवर विसंबून राहावे लागू नये. पुढे काही शहरांनी मार्ग थेट जमिनीवर उमटवला. बॉस्टनचा १९५१ मध्ये आखलेला ‘फ्रीडम ट्रेल’ सुमारे ४ किमी लांबीचा असून लाल विटांची किंवा रंगाची रेघ १६ ऐतिहासिक स्थळे जोडत जाते. जर्मनीतील हॅनोव्हरमध्ये अशीच ४.२ किमीची लाल रेघ ३६ स्थळांवरून फिरते. जमिनीवरच्या रेघेइतकी सोपी सोय दुसरी नाही : नकाशात डोके घालावे लागत नाही, नजर इमारतींसाठी मोकळी राहते. कानाने ऐकायची माहिती आली ती संग्रहालयांतून; ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ मध्ये रेडिओच्या लघुलहरींवर चालणारी यंत्रणा वापरात होती.

मार्ग आखताना बहुतेकांची चूक होते ती वेळेच्या हिशेबात. नकाशावर दोन ठिकाणांमध्ये सरळ रेषेत दिसणारे अंतर चालताना साधारण सव्वा ते दीडपट होते. मध्ये नदी किंवा रेल्वेमार्ग असेल तर त्याहूनही जास्त. ३ किमी मार्ग आणि ८ थांबे धरले, तर ताशी ४ किमी वेगाने चालण्यात ४५ मिनिटे जातात, प्रत्येक थांब्याला ८ मिनिटे म्हणजे ६४ मिनिटे, शिवाय सिग्नल, छायाचित्रे आणि बसणे मिळून आणखी ४० मिनिटे. म्हणजे फेरी अडीच तासांची झाली. अर्ध्या दिवसात २० थांबे कोंबले की शेवटचे ५–६ थांबे माणूस पाहत नाही, फक्त उरकतो. आठ-दहा थांबे पुरे.

सुरुवात सार्वजनिक वाहनाने सहज पोचता येईल अशा जागी असावी. शेवट होतो तिथे स्वच्छतागृह, खाण्याची सोय आणि परतीचे वाहन मिळावे. चढ असेल तर तो पाय ताजे असताना घ्यावा. पूर्वाभिमुख इमारतीवर सकाळी ऊन येते. दुपारनंतर तीच सावलीत जाते आणि कोरीवकाम सपाट दिसते. संग्रहालये आठवड्यातून एकदा, पुष्कळ ठिकाणी सोमवारी, बंद असतात आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा-एक तास आधी थांबतो. प्रार्थनास्थळांत उपासनेच्या वेळी पर्यटकांना सोडत नाहीत.

दिशा सांगण्याचे काम वाटते त्यापेक्षा अवघड आहे. ‘पुढे जाऊन डावीकडे वळा’ हे वाक्य निरुपयोगी, कारण वाचणारा तोवर इमारत पाहत चारदा फिरलेला असतो. आधी त्याला एका जागी नीट उभे करावे लागते : ‘मुख्य दरवाजाकडे पाठ करा. समोर घड्याळाचा मनोरा दिसेल. त्याच्या दिशेने ८० मीटर चाला. डावीकडची दुसरी गल्ली घ्या.’ खुणा टिकाऊ निवडाव्यात. दुकानाची पाटी आणि भिंतीचा रंग बदलतात. पूल, पुतळा, पायऱ्या सहसा बदलत नाहीत. ध्वनिमुद्रण थांब्यामागे दोन मिनिटांचे, म्हणजे सुमारे सव्वादोनशे शब्दांचे असावे आणि कुठे पाहायचे ते पहिल्याच वाक्यात यावे. ते थांबूनच ऐकावे. चालताना ऐकायचेच असेल तर एक कान रहदारीसाठी मोकळा ठेवावा.

फोनला आपले स्थान उपग्रहांच्या संदेशांवरून इंटरनेटविनाही कळते, पण नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल तर पडद्यावर कोऱ्या जागेत नुसता ठिपका दिसतो. उंच इमारतींच्या अरुंद रस्त्यात संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतात, त्यामुळे ठिपका कधी शेजारच्या समांतर रस्त्यावर जातो. लोखंडी पुलाजवळ होकायंत्राचा बाणही भरकटतो. अशा वेळी फोन हलवत बसण्यापेक्षा चौकातली रस्त्याची पाटी वाचावी. थांबा जवळ येताच आपोआप सुरू होणाऱ्या ध्वनिमुद्रणातही हीच अडचण येते : त्यासाठी नकाशावर थांब्याभोवती आखलेले वर्तुळ फार लहान असेल तर ते सुरूच होत नाही, फार मोठे असेल तर आधीच्या गल्लीतच बोलू लागते. म्हणून हाताने सुरू करण्याचे बटण हवेच. चालू पडदा, स्थानशोध आणि आवाज मिळून बॅटरी झपाट्याने उतरते. पॉवर बँक ठेवावी आणि १:१०,००० प्रमाणाचा (१ सेंमी म्हणजे १०० मी) कागदी नकाशाही.

या पद्धतीची मोठी उणीव म्हणजे मनात आलेला प्रश्न तिथल्या तिथे विचारायला कोणी नसते. चांगला गाइड समोरच्यांचे चेहरे पाहून सांगणे लांबवतो किंवा आवरते घेतो. ध्वनिमुद्रण तसे करू शकत नाही. वस्तीतल्या गल्ल्यांतून मार्ग काढला तर रहिवाशांच्या दारात घोळके उभे राहतात, तेव्हा थांबा चौकात घ्यावा. चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्या, पदपथाच्या उंच कडा आणि उखडलेली फरसबंदी कुठे आहे हे मार्गाच्या सुरुवातीलाच लिहिलेले असावे. अर्ध्या वाटेवर कळून उपयोग नसतो.

मार्ग तयार झाल्यावर शहर अनोळखी असलेल्या माणसाला तो एकट्याने चालायला देतात. आखणारा मागून येतो, पण मदत करत नाही. तो माणूस जिथे थबकतो तिथले वाक्य बदलतात. खोदकाम, बंद पूल आणि बदललेल्या वेळा यांसाठी वर्षातून एकदा तरी पूर्ण मार्ग पुन्हा पायी तपासावा लागतो, आणि शेवटच्या तपासणीची तारीख मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर द्यावी.